चौथं झबलं

१

तिन्ही बाळांच्या अंगावर दोरीचे वळ आहेत, असं सगळे म्हणत होते.

दंडाभोवती एक, काखेतून खाली एक, मांडीच्या घडीत एक. लालभडक, बारीक, पट्टी धरून ओढावेत तसे. एक बाळ सात महिन्यांचं, एक नऊचं, एक वर्षाला टेकलेलं. तिघांची घरं वेगळी, डॉक्टर वेगळे, खाणंपिणं वेगळं. सारखी गोष्ट एकच होती, दिवसभर तिघंही एकाच पाळणाघरात असायची. मग काय, लोकांनी सरळ हिशेब मांडला. पाळणाघरवाली पोरांना बांधून ठेवते आणि स्वतः पाय ताणून झोपते.

ही पाळणाघरवाली म्हणजे काडीबाईंची धाकटी जाऊ.

काडीबाईंचं खरं नाव आता बँकेच्या कागदांवरच उरलं होतं. एकतीस वर्षं त्यांनी कापड तपासायच्या प्रयोगशाळेत काढली. कुठलंही कापड समोर आलं की एक धागा ओढायचा, काडी पेटवायची आणि नाक पुढे करायचं. सुती धागा कागदासारखा जळतो, फुंकर मारली की राख उडून जाते. सिंथेटिक धागा वितळतो, काळा धूर सोडतो आणि शेवटी टोकाला कडक मणी ठेवतो. निवृत्त झाल्या तरी पर्समधली काडेपेटी काही सुटली नाही, आणि कपड्यांच्या एका कारखान्याचं कापड त्या अजूनही तपासून द्यायच्या. एकदा भर पाहुण्यांत त्यांनी विहिणीच्या शुद्ध लोकरीच्या शालीचा धागा जाळून दाखवला होता. तेव्हापासून विहीणबाई त्यांच्या शेजारी बसत नाहीत.

त्या दिवशी मात्र सकाळपासून त्यांचा जीव थाऱ्यावर नव्हता. एकाएकी थंडी पडली होती, गुडघे धरले होते आणि कुठल्याच कामात मन लागत नव्हतं. साडेअकराला लेकीचा फोन आला.

"आई, बाळीला आज काय घालू? तू आणलेलं ते पांढरं, पूर्ण बाह्यांचं काढू का? धुऊन ठेवलंय."

"काढ की. विचारायचं काय त्यात? कापड मी स्वतः तपासलंय. वरून लोकरीचं पांघरूण गुंडाळ आणि खिडक्या लाव."

"बरं. ती झोपली की मीही आडवी होते. रात्रभर नाचवलंय हिनं."

फोन ठेवतात न ठेवतात तोच पुन्हा वाजला. या वेळी जाऊ होती, आणि तिला धड बोलता येत नव्हतं.

"ताई, तुम्ही आत्ताच्या आत्ता या. पाच वाजता बालकल्याण खात्याच्या बाई येणार आहेत, पोलीस घेऊन. कुलूप लावणार म्हणतात. ताई, मी पोरांना बांधीन का हो?"

२

पाळणाघर म्हणजे दोन खोल्या, अकरा पाळणे आणि एक भलंमोठं लाकडी कपाट. आज पाळणे रिकामे होते. अठ्ठावीस वर्षांपूर्वी या पाळणाघरातलं पहिलं पोर म्हणजे काडीबाईंचीच लेक. काडीबाई प्रयोगशाळेत धागे जाळत होत्या आणि जाऊ त्यांच्या पोरीला भरवत होती. ते उपकार फिटणारे नव्हते आणि जाऊनं ते कधी बोलूनही दाखवले नव्हते. आज ती कोपऱ्यातल्या लहान मुलांच्या खुर्चीवर बसली होती आणि तिचे हात मांडीवर नुसते पडले होते.

"रडून झालं असेल तर फोटो दाखव," काडीबाई म्हणाल्या. माया आली की त्यांची जीभ तिखट व्हायची.

एका आईनं पाठवलेले फोटो जाऊनं मोबाइलवर उघडले. काडीबाईंनी ते मोठे करकरून पाहिले, खोलीत फेऱ्या मारत पाहिले.

"हा दोरीचा वळ नव्हे. दोरी गोल फिरते. ही रेघ बघ, काखेतून निघून बरगडीवरून सरळ खाली उतरलीय. असं कोण बांधतं?"

त्यांनी स्वतःचा हात वर केला आणि स्वतःच्याच ब्लाउजवर काखेपासून खाली बोट फिरवलं. बोट शिवणीवरून गेलं. खांद्याला गोल शिवण, काखेतून खाली सरळ शिवण, मांडीशी आडवी शिवण. फोटोत नेमकं तेच होतं.

"कपडा आहे हा. तिघांनी काय घातलं होतं?"

"ज्याचे त्याचे घरचे कपडे. त्यांच्या आयांनी दाखवलेसुद्धा सगळ्यांना. जुने, मऊ, चांगले."

"दिवसभर तेच?"

जाऊनं उठून वही आणली. कोण किती प्यायलं, किती झोपलं, कोणी कितीदा ओलं केलं, सगळं तारीखवार लिहिलेलं. काडीबाईंनी तिन्ही बाळांचे दिवस शोधले. सोमवारी एकानं अंथरुणासकट सगळं भिजवलं होतं, बुधवारी दुसऱ्यानं, गुरुवारी तिसऱ्यानं. तिघांनाही घरून आणलेले जादा कपडे पुरले नव्हते.

"मग काय घातलंस?"

"आपली कपाटातली. अडीअडचणीला ठेवलेली," जाऊ म्हणाली. "संध्याकाळी त्यांचे कपडे वाळले की परत घालून द्यायची. ही धुऊन पुन्हा कपाटात."

कपाटात तीन पांढरी झबली होती. पूर्ण बाह्यांची, खाली चड्डीसारखी बटणं. गळ्याशी पट्टी होती, तीवर लिहिलेलं, शंभर टक्के सुती. काडीबाईंनी एक उलटं केलं. बोटं आयुष्यभर काम करून निबर झालेली, त्यांना काय कळणार? त्यांनी शिवण स्वतःच्या गालावरून फिरवली आणि चटकन मान मागे घेतली. शिवणीच्या धाग्यांखाली कापडाची कड बारीक खड्यांसारखी टोचत होती.

"कुठून आली ही?"

"तुमच्या त्या पलीकडच्या कारखान्यातून. जास्तीची निघाली म्हणून मालकीणबाईंनी पाठवली. नवीकोरी होती, ताई. मी धुऊनच वापरली."

काडीबाईंनी काडेपेटी काढली, धागा ओढला आणि पेटवला. धागा आक्रसला, काळा धूर निघाला आणि टोकाला एक छोटा, कडक, काळा मणी उरला.

त्या कारखान्याच्या सगळ्या सुती कापडावर तपासणीची सही असायची. ती सही काडीबाईंची होती.

३

"म्हणजे मी सुटले?" जाऊनं विचारलं.

"कसली सुटतेस? एका जळक्या धाग्यावर खात्याच्या बाई विश्वास ठेवतील? म्हणतील, जावेला वाचवायला जाऊ काड्या करतेय. आणि बाळांना यानं टोचलं हे सिद्ध कसं करशील? अर्धं जग सिंथेटिक घालतं, घाम येतो, उकडतं, पण कोणाच्या अंगावर रेघा उठत नाहीत. ती कड खड्यांसारखी का झाली, हे कळायला हवं."

बोलता बोलता त्या थांबल्या. नातीच्या अंगावरचं झबलंही त्याच कारखान्यातलं होतं.

त्यांनी लेकीला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला, पुन्हा वाजत राहिला. लेक झोपलेली असणार, फोन गप्प करून. जावई फिरतीवर होता. लेकीचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला आणि कारखाना दोन गल्ल्या पलीकडे. काडीबाई गुडघे विसरून कारखान्याकडे सुटल्या. वाटेत त्यांनी तीनदा फोन लावला.

मालकीणबाई पॅकिंगच्या टेबलाशी उभ्या होत्या. धिप्पाड, बोलक्या, गळ्यात मापाची पट्टी. काडीबाईंनी रामराम केला नाही की काही नाही.

"गेल्या महिन्यातलं पांढरं सुती कापड. ठेवणीचा तुकडा काढा."

प्रत्येक कापडाचा एक तुकडा कारखान्यात जपून ठेवायची पद्धत होती. मालकीणबाईंनी तो काढला. धागा कागदासारखा जळला. राख. काडीबाईंनी दुसरा जाळला, तिसरा जाळला. राख, राख.

"त्या झबल्यांची एखादी पेटी आहे इथे?"

"एक परत आलीय, बारा नगांची. बटणाचा रंग चुकला म्हणून. पण झालंय काय?"

काडीबाईंनी बाराच्या बारा झबली उलटी केली, गालाला लावली, प्रत्येकाचा एकेक धागा जाळला. मऊ. सुती. बाराही. नातीचं झबलं मालकीणबाईंनी याच टेबलावरून उचलून त्यांच्या पिशवीत घातलं होतं. म्हणजे तेही यातलंच. काडीबाईंचा जीव भांड्यात पडला. त्या स्टुलावर बसल्या आणि सकाळपासून पहिल्यांदा पाणी प्यायल्या.

"आता ऐका," असं म्हणून त्यांनी सगळं सांगितलं. मालकीणबाईंचा चेहरा उतरत गेला.

"तीही त्यातलीच होती हो. ऑर्डर दोनशे चाळीसची. पेट्या भरल्या आणि वर थोडी उरली. मला आनंदच झाला. आमचे कापड कापणारे मास्तर म्हणाले, कापड जरा जास्त आलं असेल. मी वाटून टाकली."

"तुमचे मास्तर वीतभर कापड कधी उरू देत नाहीत. त्यांच्याकडे पूर्ण झबली उरली?"

काडीबाईंची नजर मागच्या फळीवर गेली. तिथे पांढऱ्याच कापडाचा एक अर्धा तागा होता. सुती कापडाशेजारी ठेवला तर लांबून फरक कळू नये असा. काडीबाई उठल्या, धागा ओढला, पेटवला. काळा धूर. मणी.

"हे काय आहे?"

"शाळेच्या खेळाच्या बनियनचं. ती ऑर्डर वेगळी." मालकीणबाईंचा आवाज चढला. "तुम्ही मला काय समजता? चार पैशांसाठी मी तान्ह्या पोरांना हे घालीन?"

४

काडीबाई सरळ कापायच्या खोलीत शिरल्या.

लांबच लांब टेबल, त्यावर कापड थरावर थर पसरायचं, वर साच्यांचा कागद ठेवायचा आणि उभ्या पात्याच्या मशीननं सगळे थर एकदम कापायचे. भिंतीवर त्या झबल्यांच्या कामाचा कागद अजून टाचलेला होता. थर साठ. एका थरातून झबली चार, लहानमोठ्या मापांची. साठ चोक दोनशे चाळीस. एकही जास्त नाही, एकही कमी नाही.

कटिंग मास्तर पात्याला धार लावत होते. तीस वर्षांचा अनुभव, डोळ्यांवर जाड चष्मा, बोलणं मोजकं.

"मास्तर, सगळ्यात खाली काय घालता?"

"खाकी कागद. मशीनची खालची पाटी त्यावरून सरकते, खालचा थर ओढला जात नाही."

"त्या दिवशी पण?"

"नेहमीच," मास्तर म्हणाले आणि धार लावत राहिले. पात्याला आधीच धार होती.

दाराशी एक पाटी टांगलेली होती. संपलेल्या वस्तू त्यावर खडूनं लिहायची कारखान्याची पद्धत. काडीबाईंनी खालून वर वाचली. दोरा, तेल, खडू. त्याच्यावर मास्तरांच्याच अक्षरात लिहिलं होतं, कागद संपला. तारीख त्या कापणीची.

त्या मागे वळल्या. पलीकडच्या टेबलाशी नंबर लावणारी बाई बसली होती, सगळे तिला वहिनी म्हणत. तिचं काम सोपं पण डोकं खाणारं. प्रत्येक थराच्या प्रत्येक तुकड्याला त्या थराचा नंबर चिकटवायचा. सातव्या थराची बाही सातव्याच थराच्या पाठीला लागली पाहिजे, नाहीतर रंगात फरक पडतो. वहिनी कामाला लागून जेमतेम दोन महिने झाले होते आणि काडीबाईंना पाहून तिची पाचावर धारण बसली होती.

"वहिनी, घाबरू नकोस. तुला कामाला लावलं तेव्हा काय शिकवलं?"

"हेच, की वरून खाली नंबर लावत जायचं. कागद आला की थांबायचं."

"त्या पांढऱ्या झबल्यांना शेवटचा नंबर कुठला लावलास?"

वहिनीनं आठवायला वेळ घेतला नाही. "एकसष्ट."

मास्तरांचा हात थांबला.

"कागद आलाच नाही," वहिनी म्हणाली. "कापड होतं, म्हणून लावला. हाताला जरा गार लागलं, गुळगुळीत. मला वाटलं टेबलाचा गारवा असेल. पुढे कडा शिवणाऱ्या ओव्हरलॉकवाल्या ताई ओरडत होत्या, यांच्या कडा काय दगड आहेत का, दोन सुया गेल्या माझ्या. पण मालकीणबाई खूश होत्या, जास्त निघाली म्हणून. मग मी कशाला बोलू?"

दारात मालकीणबाई येऊन उभ्या राहिल्या होत्या. काडीबाईंना बसवत नव्हतं. त्या टेबलाच्या कडेकडेनं चालत, टेबलावर हात आपटत बोलू लागल्या.

"कोणी चोरी केली नाही. मालकीणबाईंनी कापड बदललं असतं तर अख्खा ढीग सिंथेटिकचा झाला असता. सिंथेटिकचा ढीग मास्तर कसा कापतात? पातळ, वीस-पंचवीस थर, पातं सावकाश. कड वितळत नाही, म्हणून तर शाळेची पोरं त्या बनियनमध्ये मजेत खेळतात. पण जावेकडच्या तीन झबल्यांच्या कडा वितळून खडे झालेत. म्हणजे हे कापड सुती कापडाच्या जाड ढिगाखाली, साठ थरांना घासून तापलेल्या पात्यानं, त्यांच्याबरोबरच कापलं गेलं. मास्तर, कागद संपला होता. तुम्ही बनियनच्या कापडाचा एक थर खाली घातलात. गुळगुळीत असतं, पाटी छान सरकते. कापून झालं की चिंध्यांत टाकायचा होतात."

मास्तरांनी चष्मा काढला. चष्म्याशिवाय ते एकदम म्हातारे दिसत होते.

"टाकायचा होता. तेवढ्यात दुसऱ्या टेबलावर बोलावणं आलं. मग वर झबली उरली तेव्हा मला शंका आली होती, बाई. खोटं बोलत नाही. पण मनात म्हटलं, कापडच आहे, विष थोडंच आहे. आणि मग बोलायची वेळ निघून गेली."

"आणि मी?" काडीबाई म्हणाल्या. "मी एक तुकडा जाळून सगळ्या लॉटवर सही केली. शितावरून भाताची परीक्षा. भाताच्या तळाशी काय लागलंय ते बघायला मी कधी टेबलाशी आलेच नाही."

मग वहिनी हळूच म्हणाली, "पण एका थरात चार होतात. तुमच्या जाऊबाईंकडे तीन म्हणालात ना?"

काडीबाईंनी मालकीणबाईंकडे पाहिलं. मालकीणबाईंनी तोंडावर हात घेतला होता.

"चौथं पेटीतलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "पेट्या मोजून बांधल्या होत्या. वर चार उरली. तीन पाळणाघराला ठेवली आणि एक तुमच्या पिशवीत घातलं. नातीसाठी."

५

काढ की. विचारायचं काय त्यात? वरून लोकरीचं पांघरूण गुंडाळ. खिडक्या लाव.

रिक्षात काडीबाईंना स्वतःचंच बोलणं ऐकू येत होतं. साडेतीन वाजून गेले होते. फोन वाजत होता आणि कोणी उचलत नव्हतं. सिग्नलला रिक्षा थांबली की त्या रिक्षावाल्याच्या पाठीला पर्सनं ढोसत होत्या. त्यानं एकदा मागे वळून पाहिलं आणि वेग वाढवला.

सिंथेटिक कापड घाम पीत नाही आणि हवा धड येऊ देत नाही. मोठ्या माणसाला उकडलं तर तो बटण काढतो. अडीच महिन्यांचं बाळ काय काढणार? ते रडतं. आणि जास्तच तापलं की रडायचंही थांबतं. एकतीस वर्षं काडीबाई हे दुसऱ्यांना सांगत आल्या होत्या. नवशिक्यांना, व्यापाऱ्यांना, विहीणबाईंना. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

त्यांनी बेल दाबली ती सोडलीच नाही. लेकीनं दार उघडलं तेव्हा तिचे केस विस्कटलेले होते आणि डोळे अर्धे मिटलेले.

"आई? काय झालं? हळू, ती झोपलीय. आज किती छान झोपलीय, तीन तास हूं की चूं नाही."

काडीबाई तिला बाजूला सारून आत गेल्या. खोलीत कोंदट ऊब होती. पाळण्यात लोकरीच्या पांघरुणाच्या गाठोड्यात नात पडली होती, चेहरा लालबुंद, केस कपाळाला चिकटलेले. काडीबाईंनी पांघरूण ओरबाडलं. झबलं चिंब होतं. बटणं सुटेनात, तेव्हा त्यांनी ती तोडली. उघड्या अंगाची पोर त्यांनी खांद्यावर घेतली. तिची मान सैल पडली.

"खिडकी उघड," त्या म्हणाल्या. "अगं, खिडकी उघड."

थंड हवा आत आली. लेकीनं ओला पंचा आणला. काडीबाई पोरीची पाठ पुसत राहिल्या, तळवे चोळत राहिल्या आणि देवाचं नाव घ्यायचं सोडून तिलाच बोलावत राहिल्या. किती वेळ गेला ते दोघींनाही सांगता आलं नसतं. मग पोरीनं तोंड वाकडं केलं, श्वास आत ओढला आणि असं भोकाड पसरलं की वरच्या मजल्यावरचं दार उघडलं.

काडीबाई तिथेच जमिनीवर बसल्या. त्याही रडत होत्या आणि ते लपवायचं त्यांच्या लक्षातही आलं नाही. लेकीनं पोरीला जवळ घेतलं, पाजायला लावलं. पोर हपापल्यासारखी पिऊ लागली.

"आई," लेक थोड्या वेळानं म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. "हे काय आहे?"

पोरीच्या दंडाभोवती एक रेघ होती. काखेतून खाली एक. मांडीच्या घडीत एक.

६

आधी डॉक्टर. त्यांनी बाळ तपासलं, ताप नाही म्हणाले, पाजत राहा आणि सैल कपडे घाला म्हणाले. तिथून निघाल्या तेव्हा पाच वाजायला आले होते. वाटेत काडीबाईंनी लेकीला सगळं सांगितलं. सबबी सांगितल्या नाहीत.

पाळणाघरात माणसं मावत नव्हती. बालकल्याण खात्याच्या बाई फाइल उघडून बसल्या होत्या, बाजूला एक पोलीस हवालदार. तिन्ही बाळांच्या आया होत्या आणि सगळ्यात लहान बाळाचे वडील मोठमोठ्यानं बोलत होते. जाऊ भिंतीला टेकून उभी होती, शाळेत शिक्षा झाल्यासारखी.

"अठ्ठावीस वर्षं काय, शंभर वर्षं चालवा," ते वडील म्हणत होते. "माझ्या पोराच्या अंगावरचे वळ खोटे आहेत का?"

"खोटे नाहीत," काडीबाई दारातून म्हणाल्या.

त्यांनी लेकीला पुढे घेतलं. लेकीनं शालीची एक बाजू हळूच उघडली आणि बाळाचा दंड सगळ्यांसमोर धरला. मग काख. मग मांडी.

"ही माझी नात. आजच काय, जन्मल्यापासून ही या पाळणाघरात आलेली नाही. दुपारभर आपल्या आईजवळ झोपली होती. हिला कोणी बांधलं, सांगा."

एक आई पुढे आली, वाकून पाहिलं आणि स्वतःच्या बाळाला घट्ट धरून मागे सरकली.

काडीबाईंनी पिशवीतून ओलं झबलं काढलं, उलटं केलं आणि नातीच्या अंगाशेजारी धरलं. जिथे शिवण, तिथे रेघ. मग त्यांनी कपाट उघडून उरलेली तीन काढली. खात्याच्या बाईंनी एकाची शिवण स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूवर फिरवली. दोनदा फिरवली. हवालदारानंही हात पुढे केला.

"कापड कोणी तपासलं होतं?" बाईंनी विचारलं.

"मी," काडीबाई म्हणाल्या. "आणि आज सकाळी माझ्या नातीला हे घाल, असंही मीच सांगितलं. तेही लिहून घ्या."

मागून खाकरण्याचा आवाज आला. कटिंग मास्तर आणि मालकीणबाई दारात उभे होते. मास्तरांनी चपला बाहेर काढल्या होत्या.

"थर मी घातला होता," ते म्हणाले. "या बाईंची काही चूक नाही." त्यांनी जाऊकडे पाहिलं. "तुमचीही नाही. मी आधी बोलायला हवं होतं."

खात्याच्या बाईंनी बराच वेळ लिहिलं. कारखान्याच्या सगळ्या पेट्या तपासायच्या, चारही झबली ताब्यात घ्यायची, डॉक्टरांचे कागद जोडायचे. लावायला आणलेलं कुलूप जाताना त्या पुन्हा आपल्या पिशवीत घालून घेऊन गेल्या. मोठ्यानं बोलणारे ते वडील दाराशी घुटमळत होते. शेवटी त्यांनी कोणाकडेच न बघता विचारलं, "उद्या आठला आणलं तर चालेल?"

"साडेसातलाही चालेल," जाऊ म्हणाली, आणि आता तिला रडू कोसळलं.

काडीबाई लेकीबरोबर तिच्या घरी गेल्या. बाळाला एका जुन्या पंच्यात सैल गुंडाळलं होतं आणि खिडकी उघडी होती. काडीबाईंनी कपाटातून एक विरलेली चादर काढली, कितीदा धुतलेली, लोण्यासारखी मऊ. जमिनीवर पसरली आणि कात्री घेऊन बसल्या. उद्यापर्यंत दोन झबली तरी होतील, शिवण बाहेरच्या बाजूला घेऊ, असं काहीतरी त्या स्वतःशीच पुटपुटत होत्या.

लेक समोर येऊन बसली. तिनं चादरीच्या कडेचा एक धागा ओढून काढला आणि आईपुढे धरला.

"आधी जाळून दाखव," ती म्हणाली.

लेकीच्या आवाजात राग नव्हता. काडीबाईंना तो असता तर बरं वाटलं असतं. त्यांनी कात्री खाली ठेवली, पर्स उघडली आणि काडेपेटी काढली. धागा कागदासारखा जळला आणि राख तळहातावर पडली. लेकीनं ती बोटानं चोळून पाहिली, नीट, दोनदा, आणि मग कात्री उचलून आईच्या हातात दिली.